दोर शे का?

वैशाखाचे शेवटचे आठ-दहा दिवस उरले की माझी मान दुखायला लागते. अजून एकाही झाडाखाली उभा राहिलेलो नसतो, एकदाही वर पाहिलेलं नसतं, तरी दुखते. सुमन, माझी बायको, म्हणते, "तुमच्या मानेला बरोबर तिथी कळते." मी तेल चोळून घेतो. दुखते ते खरंच.

मग फोन सुरू होतात. भाऊ, निंबाची फांदी तारेला घासते. भाऊ, चिंच गच्चीवर आलीय. पाऊस यायच्या आत करून द्या बरं. वर्षभर त्याच झाडाखाली गाडी लावतात, सावलीत बसून चहा पितात, तेव्हा फांदी कोणाला दिसत नाही. आभाळाचा रंग जरा बदलला की सगळ्या धुळ्याला, सगळ्या पारोळ्याला एकदमच दिसते. पूर्वी मला याचा राग यायचा. आता रागावण्याइतकीही ताकद राहिलेली नाही. "येतो," म्हणतो आणि फोन ठेवतो.

मोठ्या रस्त्यांवर आता आमचं काम राहिलं नाही. तिथे पाळण्याची गाडी येते. माणूस पाळण्यात उभा राहतो, बटण दाबतो, उचलला जातो, करवत फिरवतो, खाली येतो. त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. आमच्या वाट्याला येतात त्या बोळी, ती अंगणं, जिथे ती गाडी वळत नाही. दोन घरांच्या मधे अडकलेला निंब, विहिरीवर वाकलेली चिंच. अवघड तेवढं आमचं.

कामाला लागायच्या आधी दोर काढतो. गोणीतून काढून साध्या पाण्यात भिजवायचा, साबण नाही, सोडा नाही. सावलीत वाळवायचा. मग ओसरीवर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून सोडायचा. डोळे मिटून. कुठे चपटा लागतो का, कुठे कडक झालाय का, कुठे आतला पीळ हलतो का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. दोन दोर, म्हणजे निम्मी सकाळ जाते. सुमन येता-जाता टोमणा मारते, "झाली का जपमाळ ओढून? एवढं मन लावून कधी माझं ऐकलं असतं तर!"

त्या गोणीत एक तिसरा दोरही आहे. तो मी धूत नाही, वापरत नाही, टाकूनही देत नाही. पांढरा दोर, त्यात निळा धागा. चांगला धडधाकट आहे. कुठे तुटलेला नाही, विरलेला नाही. तेच तर दुखणं आहे. त्या दिवशी दोर तुटला असता, तर मला इतकी वर्षं बरी झोप लागली असती.

सांगूनच टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. नाना, माझा आतेभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, भुसावळला एका गुलमोहरावरून पडला तेव्हा खाली मी उभा होतो. उभाही कसला, बसलो होतो. त्याने वर जाण्याआधी मला विचारलं, आणि मी वर न पाहता 'हो' म्हणालो. सात-आठ वर्षं झाली या गोष्टीला. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

नानाला झाडावर चढताना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना काय सांगावं. अनवाणी पाय, कमरेला एक नाडा, कोयता पाठीला खोचलेला. नाडा खोडाभोवती टाकायचा, मागे रेलायचं, दोन पावलं चढायचं, नाडा वर झटकायचा, पुन्हा दोन पावलं. बघता बघता पानांत गडप व्हायचा. मी खाली फांद्या ओढायचो, आणि लोक मला विचारायचे, "तो माणूस गेला कुठे?" त्याच्या पायाचे अंगठे आतल्या बाजूने कायमचे काळे पडलेले होते. लग्नात मोजडी घालताना त्याची बायको त्या पायांकडे बघून रडकुंडीला आली होती, असं तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

मग एका वर्षी धुळ्याला दोन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याकडून एक तरुण मास्तर आला होता, गोरागोमटा, हाताला मोजे. त्याने आम्हाला पट्टा घालायला शिकवला आणि दोराने वर जायला शिकवलं. वाळूची छोटी पिशवी सुतळीला बांधून फांदीवरून फेकायची, सुतळीमागून दोर ओढून घ्यायचा. त्या दोरावर बारीक दोरीची गाठ घालायची. हाताने वर ढकलली की ती सरकते, भार पडला की जागच्या जागी आवळते. अशा दोन गाठी, एक कमरेला, एक पायाच्या फासाला. पायावर उभं राहायचं, कमरेची गाठ वर ढकलायची, पट्ट्यात बसायचं, पायाची गाठ वर घ्यायची. पुन्हा उभं राहायचं. असं करत माणूस वितावितानं वर जातो. खोडाला हात लावायचं कामच नाही. मला ते फार आवडलं. मी स्वभावाने भित्रा. त्या गाठीत बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला झाडावर भीती वाटली नाही.

नाना मात्र दुसऱ्या दोरावर अडून बसला. मास्तर म्हणाला, एक दोर चढायला, आणि दुसरा नुसता सोबत. त्यावर भार नाही, पण त्यालाही आपली एक गाठ जोडलेली हवी. पहिल्याने दगा दिला तर दुसरा धरेल. नाना माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काय रे वसंता, मी काय मारकी म्हैस शे का? दोन-दोन दोर कसाले?" मला हसू आवरेना. मास्तरने विचारलं काय झालं, तर मी म्हणालो, काही नाही सर, म्हशीचं बोलतोय.

पण नाना शिकला. कुरकुरत शिकला आणि शिकल्यावर माझ्यापेक्षा चांगला झाला, जसा तो सगळ्यातच होता. वाळूची पिशवी तर अशी फेकायचा की पोरं टाळ्या वाजवायची. मास्तरचं एक वाक्य त्याने पाठच केलं होतं: एका फांदीवर दोन दोर म्हणजे एकच दोर. दोन दोर असतील तर फांद्याही दोन हव्यात.

मास्तरने वर-खाली बोलायचे इंग्रजी शब्द शिकवले होते. ते आमच्या तोंडात बसेनात. मग आम्ही आपलं आपल्या बोलीत ठरवलं. चढणारा पट्टा बांधून उभा राहील आणि विचारील, "दोर शे का?" खालच्याने दहा पावलं मागे जायचं, झाडाला पूर्ण फेरी मारायची, कुठला दोर कुठल्या फांदीवर आहे ते पाहायचं. खोडाशी उभ्या असलेल्या माणसाला नुसती पानं दिसतात, लांबून दिसतं तेवढं त्याला दिसत नाही. मग येऊन दोन्ही दोरांना एकेकदा लोंबकळून बघायचं. आणि मगच म्हणायचं, "शे," म्हणजे आहे. ते ऐकल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. चार-पाच वर्षं आम्ही हे पाळलं. सकाळच्या पहिल्या झाडाला पाळलं, संध्याकाळच्या शेवटच्या झाडाला पाळलं. लोक हसायचे. एक आजी म्हणाल्या होत्या, "रोज रोज काय विचारता रे एकमेकांना, दोर काय पळून चालला?"

आणि मग तो वैशाख आला. त्या वर्षी वादळ लवकर येणार अशी हवा झाली होती, आणि भुसावळला एका जुन्या वसाहतीतली ओळीने झाडं आमच्याकडे आली. गुलमोहर, शिरीष, निंब, पुन्हा गुलमोहर. सकाळी सहाला सुरुवात करायचो आणि अकरापर्यंत उरकायचं ठरवायचो, पण उरकायचं नाही. भुसावळचं ऊन ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत. अकराला लोखंडाच्या फाटकाला हात लावला तर चटका बसतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणायचो, पण घशाखाली उतरायची नाही. नुसतं पाणी पीत राहायचो. कापडाची छागल झाडाला टांगलेली असायची, तिचं पाणी तेवढं गार लागायचं. आठव्या-नवव्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलणंही बंद केलं होतं. भांडण नव्हतं. बोलायला तोंड उघडायचाच कंटाळा यायचा.

तो त्या दिवसाचा पाचवा गुलमोहर होता. लालभडक फुललेला. मी चौथ्याच्या फांद्या ओढून भिंतीच्या सावलीत टेकलो होतो आणि ओला पंचा डोळ्यांवर टाकला होता. पिशवी फेकल्याचा आवाज येत होता. एकदा, दोनदा, तीनदा. नानाचा नेम तीनदा चुकतो म्हणजे काय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग पट्ट्याच्या कड्या वाजल्या. मग त्याने विचारलं, "दोर शे का?"

मी पंचा डोळ्यांवरून काढला नाही. "शे," म्हणालो.

शब्द असा बाहेर पडला, जसं कुणी 'जेवलात का' विचारल्यावर आपण 'हो' म्हणतो. त्यात खोटं बोलायचा विचार नव्हता, कसलाच विचार नव्हता. पुढे काय झालं ते मी पाहिलंही नाही, आधी ऐकलं. गुलमोहराची फांदी मोडताना फार मोठा आवाज होत नाही. पंचा फेकून उठलो तेव्हा नाना जमिनीवर होता, त्याच्या पायावर फांदी होती, आणि दोन्ही दोर, पहिला आणि सोबतीचा, त्याच एका फांदीला अडकलेले होते.

खुबा मोडला. जळगावला नेला, पट्टी बसवली. पंधरा फुटांवरून पडला म्हणून वाचला, जरा आणखी वर असता तर... जाऊ दे. भेटायला आलेल्या प्रत्येकाला वहिनी सांगायच्या, "फांदी आतून पोकळ होती हो." तेही खरंच होतं. मी स्वतः पाहिली होती, आत मुंग्यांनी पोखरलेली. नाना कॉटवरून मान हलवायचा. मीही मान हलवायचो. फांदीला बिचारीला तोंड नव्हतं, म्हणून सगळा दोष तिने घेतला.

त्यानंतर नाना झाडावर चढला नाही. घरी बसून बाजा विणतो. पारोळ्यात कुणाला सुतळीची बाज विणून हवी असेल तर त्याच्याकडेच जातात. आणि मी, भित्रा मी, वर चढायला लागलो, कारण दुसरं कोण होतं? खाली कोणी ना कोणी मिळत गेलं. हल्ली तीन-चार वर्षं रमजान होता, चांगला माणूस. पण मी पट्टा बांधून विचारलं, "दोर शे का?" की तो इतक्या पटकन "शे" म्हणायचा, की मला ते खरं वाटायचं नाही. मग मी पट्टा सोडायचा, स्वतः मागे जायचं, स्वतः फेरी मारायची, स्वतः लोंबकळायचं, परत येऊन पट्टा बांधायचा. रमजान म्हणायचा, "भाऊ, मग मला विचारता कशाला?" त्याचं बरोबर होतं. मी खरं तर त्याला विचारतच नव्हतो.

दमणूक नुसती हातापायांची असती तर गोष्ट वेगळी होती. रात्री आंघोळ केली, वरण-बट्टी खाल्ली, आडवं झालं की ती जाते. ही दुसरी जात नाही. प्रत्येक झाडाखाली तीच हाक द्यायची आणि प्रत्येक वेळी आपलाच तो जुना आवाज ऐकायचा, पंच्याखालून आलेला. नानाकडे दर दिवाळीला जायचो. तो लंगडत उठून चहा सांगायचा. मी ठरवून जायचो की आज बोलायचं, आणि कपाशीच्या भावावर बोलून परत यायचो.

या वर्षी रमजान सुरतेला गेला, कायमचाच. मी फोन घेणं बंद केलं. सुमनला म्हणालो, झालं, आता बस. हे नानाच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. सुमननेच सांगितलं असणार, ती कबूल होत नाही. एका सकाळी नाना काठी टेकत दारात उभा. "धुळ्याना तो बाईना निंब घी ले," म्हणाला. "खाले मी ऱ्हासू."

मी म्हणालो, "नाना, तुझ्याने फांद्या ओढवतील का?"

"फांद्या बाईना जावई ओढी. मी देखसू."

धुळ्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या अंगणातला निंब होता तो. एसटीने गेलो. नाना खिडकीशी बसला होता, दोरांची गोणी मांडीवर घेऊन. पोहोचेपर्यंतच दहा वाजले. निंबाखाली पिवळ्या निंबोण्यांचा सडा पडलेला, चपलेखाली चिकट चिकट होत होतं. बाईंनी ताक दिलं. नाना झाडाला काठी टेकत टेकत फेरी मारून आला, खुर्चीत बसला, आणि गोणीतून दोर काढायला लागला. काढता काढता त्याच्या हातात तो तिसरा आला. निळ्या धाग्याचा.

त्याने तो ओळखला. बोटांनी दोन-चार हात सोडून पाहिला. "हाऊ अजून ठेयेल शे तू?" म्हणाला.

मग मात्र मला राहवलं नाही. ताकाचा पेला हातात तसाच. म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. डोळ्यावर पंचा होता. तू विचारलंस आणि मी तसाच 'शे' म्हणालो." एवढंच बोलणं, आणि त्यासाठी मला एवढी वर्षं लागली. बाई आत होत्या म्हणून बरं.

नाना दोराची गुंडाळी करत राहिला. फार सावकाश करत होता. मग म्हणाला, "दोन्ही दोर एकच फांदीवर शेतस, हाई माले ठाऊक व्हतं."

मी पेला खाली ठेवला.

"पिशवी मीच फेकी ना? तीनदा चुकनी. चौथींदा तेच फांदीवर पडनी. परत फेकाले हात उठत नव्हता रे. थकी गयथू." त्याने दोराचं टोक गुंडाळीत खोचलं. "तुले इचारं. माले वाटनं, तू नही म्हनशी."

बाईंच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघं खाली निंबोण्यांकडे बघत बसलो. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. मला त्याचा राग आला नाही, हलकंही वाटलं नाही. एवढं मात्र कळलं, की त्या उन्हात दोन दमलेली माणसं एकमेकांवर टेकून उभी होती, आणि उभं कोणीच नव्हतं. त्याला 'नको' म्हणायला माणूस हवा होता. मी तेवढ्याचसाठी खाली असायचो.

काम तर करायचं होतं. पिशवी मी फेकली. पहिला दोर जाड बेचक्यात बसला, दुसरा त्याच्या वरच्या, पलीकडच्या फांदीवर. दोन्ही एकेका फेकीत. पट्टा बांधला, गाठी घातल्या, ओढून पाहिल्या. बारा वाजायला आले होते. फोन बंद करण्याआधी पैसे घेतलेली तीन झाडं आदल्या दोन दिवसांत एकट्यानेच उरकली होती, कारण सांगतो काय, हावच. पाय जड झाले होते. पायाचा फास घालताना गुडघा थरथरत होता, पण तो हल्ली थरथरतोच, त्याचं मी मनावर घेत नाही.

मी विचारलं, "दोर शे का?"

नाना उठला. दहा पावलं मागे गेला. त्याची दहा पावलं म्हणजे माझी पाच, पण मोजून दहा गेला. निंबाला फेरी मारली, काठी, पाय, काठी, पाय. परत आला. काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही दोरांना एकेकदा सगळा भार टाकून लोंबकळला. मोडलेल्या खुब्याचा माणूस. मी डोळे मिटून घेतले. कधी एकदा 'शे' म्हणतो असं झालं होतं मला.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोरांकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होता.

"नही शे," म्हणाला. "सोड पट्टा."

मी वर पाहिलं. पहिला बेचक्यात, दुसरा पलीकडच्या फांदीवर. दोन दोर, दोन फांद्या. "अरे नाना, दोर बरोबर आहेत ना दोन्ही!"

"दोर बराबर शेतस," तो म्हणाला. "तू नही शे."

मी पट्टा सोडला. कडी मला उघडेना, शेवटी त्यानेच उघडली. बाई दारात आल्या, विचारायला लागल्या काय झालं. नाना शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, उद्या सकाळी लवकर येतो. आज खालच्या माणसाने नाही म्हटलंय."

मी निंबाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसलो. मान मागे टेकवली. किती वर्षांनी मी झाडाखाली नुसता बसलो होतो.